तिताची मजुरी आणि आपली भिंत

वैशाखी पौर्णिमेला आमच्या मुखेडच्या वस्तीत फ्लेक्स लागला. वीस फूट लांब. डाव्या बाजूला नेता, उजव्या बाजूला नेत्याचा पोरगा, खाली नखाएवढ्या फोटोंत पंधरा-वीस शुभेच्छुक आणि मधे, जागा उरली म्हणून, एक निळसर-तांबूस चेहरा. डोळे खाली झुकलेले, हातात कमळ. फ्लेक्स बांधणाऱ्या पोराला विचारलं, "हे कोण रे?" तो म्हणाला, "बुद्ध की! दुसरं कोण असतंय काका?"

बुद्ध नव्हे ते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी. पोराला मी रागावलो नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्याच संध्याकाळी व्याख्यानाला आलेले पाहुणे प्राध्यापक म्हणाले, अजिंठा ही भारतीय कलेची ठेव आहे, तिथं जात-धर्म आणू नये, सौंदर्याला जात नसते. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. सौंदर्याला जात नसेल हो. पण भिंतीला माती लावणाऱ्याला होती, आहे.

मित्रांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. गोड लागणार नाही. प्रस्थापितांना शिव्या देणं मला जमतं, तुम्हालाही जमतं, पन्नास वर्षं आपण तेच करायलोत. ह्या खेपेला त्यांचा वाटा थोडा, आपला जास्त.

आधी भिंत बघा. अजिंठ्याची चित्रं दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा आहे. त्या मातीत तूस, गवत, झाडपाल्याचे धागे. खाली जाड थर, वर बारीक मळलेला पातळ थर, त्यावर चुन्याचा हात, आणि मग रंग. लाल आणि पिवळा गेरू इथल्याच मातीतला. हिरवा दगडातला. काळा काजळीचा. फक्त निळा परका. तो लाजवर्द दगड बदख्शानातून, आजच्या अफगाणिस्तानातून आला असं सांगतात. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिळाले, त्यामुळं तिथं किडीनं कमी खाल्लं, असं पुरातत्त्व खात्यातल्या रसायनतज्ज्ञानं २०१६ साली मांडलं. मी ते वाचलं तेव्हा आई आठवली. दिवाळीच्या आधी पांढरी माती आणायची, भुसा घालायचा, शेण घालायचं, रात्रभर भिजवायचं, सकाळी पायानं तुडवायचं. मग तळहातानं भिंत ओढायची. कुणाच्या भिंती? आमच्या एका खोलीची, आणि गावात सात घरांच्या. त्या सात घरांत तिला भिंतीला हात लावायची मुभा होती, माठाला नव्हती. गिलावा म्हणून जे पुस्तकात लिहितात, ते आमच्या घरात 'लिंपण' होतं, आणि त्याची मजुरी म्हणजे शिळी भाकर आणि पसाभर ज्वारी.

आता सांगा, अजिंठ्यात नाव कुणाचं आहे? सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्राचा आहे. दान देणाऱ्यांची नावं आहेत. ज्यानं पद्मपाणीच्या भुवईची रेघ एका दमात ओढली त्याचं नाव नाही. जिनं तूस चाळलं तिचं तर विचारूच नका. उलट १८१९ साली वाघाच्या मागावर आलेला जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला गोरा कप्तान, त्यानं दहाव्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर चाकूनं नाव कोरलं, २८ एप्रिल ही तारीखही कोरली. ते नाव आजही वाचता येतं. दोनशे वर्षं जगानं पाठ केलं. गाईड पहिल्यांदा तेच दाखवतो. त्याच्यामागून रॉबर्ट गिल आला, १८४४ पासून नकला काढत बसला. त्याच्या आणि पारोच्या प्रेमावर ना. धों. महानोरांनी कविता केली, नितीन देसाईंनी २०१२ साली सिनेमा काढला. चांगलं झालं. पण गिलनं ज्याची नक्कल केली त्याच्यावर सिनेमा कोण काढणार? त्याचं नावच नाही, पोस्टरवर काय छापणार?

म्हणून मला तिताची गोष्ट सांगायची आहे.

चीनच्या पश्चिमेला तकलामकान नावाचं वाळवंट आहे. त्याच्या पूर्वेकडच्या कडेला मीरान. एके काळी तिथं पाणी होतं, वस्ती होती, व्यापाऱ्यांची वाट होती, स्तूप होते. पाणी आटलं, माणसं गेली, वाळू आली. वाळूनं जे केलं ते कुठल्या सरकारनं केलं नसतं. तिनं भिंती झाकून ठेवल्या. ऑरेल स्टाईन १९०७ साली तिथं पोहोचला तेव्हा गोल स्तूपाभोवतीच्या भिंतींवर रंग ताजे होते. पंखवाले चेहरे, फुलांच्या माळा खांद्यावर घेतलेली पोरं. आणि एका भिंतीवर वेस्संतर जातक. तेच वेस्संतर जातक, जे आपल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आहे. हजारो कोस लांब, मधे हिमालय, काराकोरम. पण गोष्ट एकच. त्या भिंतीवर एका पांढऱ्या हत्तीच्या मांडीवर खरोष्ठी लिपीत, प्राकृत भाषेत, एक ओळ लिहिलेली आहे. आपल्या लेण्यांतली जुनी भाषाही प्राकृतच, लिपी तेवढी ब्राह्मी. त्या ओळीत असं आहे की हे काम तिता नावाच्या चित्रकाराचं, आणि त्याला त्याचे तीन हजार भम्मक मिळाले.

बस. एवढंच. नाव आणि मजुरी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोपलो नाही. तिता हे रोमन तितुस नावाचं रूप असावं असं पंडित म्हणतात, म्हणजे तो कुठून कुठून आलेला असेल. असू दे. मला त्याच्या नावापेक्षा त्याची मजुरी महत्त्वाची वाटते. त्यानं 'हे माझं पुण्य' असं लिहिलं नाही. 'मिळाले' असं लिहिलं. साधारण तिसऱ्या शतकातला माणूस, वाळवंटाच्या कडेला, धम्माचं चित्र काढतो आणि हत्तीच्या मांडीवर पावती फाडतो! आमच्या एका पुढाऱ्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे भाडोत्री होता म्हणा की." नाही साहेब. मजुरी घेतो तो भाडोत्री नसतो. मजुरी बुडवतो त्याला शब्द शोधा.

तर ह्या भिंतींचं पुढं काय झालं? स्टाईननं त्या कापल्या. वाळूत गाडलेलं जे सुरक्षित होतं ते करवतीनं तुकडे करून पेट्यांत भरलं, उंटांवर घातलं. त्या दुसऱ्या मोहिमेचा पाचांतला तीन हिस्से खर्च हिंदुस्थान सरकारनं केला होता, दोन हिस्से ब्रिटिश म्युझियमनं. हिंदुस्थान सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा? शेतसारा, मिठावरचा कर. म्हणजे कुण्या उपाशी कुणब्याच्या आणि वेठबिगाऱ्याच्या मिठातून त्या उंटांचा चारा आला. तिसऱ्या मोहिमेत बेझेक्लिकच्या गुहांतले मोठेमोठे तुकडे आले. आज मीरान आणि बेझेक्लिकच्या त्या भिंती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. दिल्लीला मोर्चाला आपण किती वेळा गेलो? रामलीला मैदान, जंतरमंतर, संसद मार्ग. तिथून अर्ध्या तासावर वाळवंटातला बुद्ध उभा आहे. आपल्यातले किती आत गेले? मी स्वतः चौथ्या मोर्चाला गेलो. त्याआधी तीन वेळा बाहेरून चहा पिऊन परत.

स्टाईनच्या आधी जर्मन फॉन ल कॉकनंही बेझेक्लिकच्या भिंती कापून बर्लिनला नेल्या. तिथं सगळ्यांत मोठी चित्रं संग्रहालयाच्या भिंतीत पक्की बसवली. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडले तेव्हा ती काढता आली नाहीत. वाळूत हजार वर्षं टिकलं ते युरोपच्या राजधानीत चाळीस वर्षं टिकलं नाही. आपल्याकडचंही तसंच. गिलच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या. ग्रिफिथ्सनं मुंबईच्या कलाशाळेतली पोरं घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या, त्यातल्या बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. डॉक्टर जेम्स बर्ड सतराव्या लेण्यातल्या चित्रातली माणसं सोलून न्यायला गेला, तर हातात भुगा आला. अजिंठ्याचा एक तुकडा १९२२ साली लंडनच्या लिलावात विकला गेला आणि अमेरिकेत बॉस्टनला जाऊन बसला. निजामानं १९२० साली इटलीहून कारागीर बोलावून गळणारी चित्रं चिकटवून घेतली, गुलाम याजदानींनी आयुष्य घालवून मोठमोठे ग्रंथ छापले. त्या कारागिरांनी वरून लाखेचा हात दिला तो पुढं पिवळा पडला, हे खरं. पण गिलावा भिंतीवर राहिला हेही खरं. ज्यांना बुद्धाच्या नावानं मुसलमानांवर तोंडसुख घ्यायचं असतं त्यांनी २००१ सालचं बामियान जरूर आठवावं. पण हैदराबादचे याजदानीही आठवावेत. सोयीचं तेवढं आठवणं हा त्यांचा धंदा, आपला नव्हे.

आता आपल्याकडं येऊ.

त्या लेण्यांत मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा भिंतींवर नावं पाहिली. खिळ्यानं कोरलेली, खडूनं लिहिलेली, बाण मारलेल्या बदामातली. अजिंठ्यात आता पहारा आहे, पण ज्या लेण्यांना पहारा नाही तिथं बघा. आणि त्यांत 'जय भीम'ही आहे. हो, आहे! मी ते डोळ्यांनी पाहिलंय. ज्यानं लिहिलं त्याला वाटलं असेल, हे आमचं आहे म्हणून सही केली. मग कप्तान स्मिथ आणि तू, दोघांत फरक काय रे भावा? त्याच्या हातात चाकू होता, तुझ्या हातात खिळा. ज्या दोन अक्षरांसाठी लोक जळाले ती दोन अक्षरं एका अनामिकाच्या चित्रावर ओरबाडायची?

नावाचं मोल नांदेड जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. १९७८ च्या जुलैत नामांतराचा ठराव झाला आणि ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारून टाकलं. १९९३ च्या २५ नोव्हेंबरला गौतम वाघमारेनं नांदेडमध्ये स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका पाटीवर एक नाव चढायला सोळा वर्षं गेली. तेव्हा 'नावात काय आहे' असं आम्हाला कुणी म्हणू नये. पण ज्यांना नावाची किंमत एवढी कळते, त्यांनी दुसऱ्याचं बिननावाचं काम पुसावं?

नाव पुसायचं तंत्र कसं चालतं तेही नीट बघा. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना काय म्हणतात? पांडवलेणी. जंजाळ्याच्या बौद्ध लेण्याला? घटोत्कच. जुन्नरजवळ एका विहारात गणपती बसला आणि डोंगर लेण्याद्रीचा झाला. मोडतोड लागत नाही, आग लागत नाही. एक नाव बदललं की काम झालं. पांडव तिथं कधी राहिले होते? वनवासात पायऱ्यांचा हिशोब ठेवायला कुणी होतं काय? आणि त्याच नाशिकच्या भिंतीवर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेनं आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेव ठेवले. कुणाकडं? कुलरिकांच्या श्रेणीकडं हजार कार्षापण, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडं दोन हजार, तेल्यांकडं पाचशे. कुलरिक म्हणजे कुंभार असा अर्थ लावतात. म्हणजे अठराशे वर्षांमागं कुंभार बँक चालवत होते! एका बाईनं विश्वासानं पैसा कुंभाराच्या हाती दिला आणि ते दगडावर लिहून ठेवलं. आणि आज गावात कुंभाराला उधारी कोण देतो?

पितळखोऱ्याच्या यक्षावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव आहे. आंध्रात अमरावतीच्या स्तूपाला विधिक नावाच्या चांभारानं शिळा दान दिली, आणि 'चम्मकार' हा शब्द त्यानं लपवला नाही. दगडात कोरला. हे वाचा. पाठ करा. व्याख्यानात पद्मपाणीच्या डोळ्यांतल्या करुणेवर तासभर बोलतात, विधिक चांभारावर कुणी दोन वाक्यं बोलतं काय?

इथं आपली पोरं लगेच म्हणतात, "बघा, ते आपलेच पूर्वज!" थांबा. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण ह्याचा सिद्धांत मांडला तेव्हा पुरावे तोलून मांडला, आणि हा तर्क आहे असं स्वतःच सांगितलं. आपण मात्र तर्काची घोषणा केली. विधिक माझा खापरपणजोबा होता काय? मला त्याची गरजच नाही. वारसा रक्तानं मिळतो असं म्हणायचं असेल तर मग मनूला कशाला जाळलं? रक्ताचा वारसा हेच तर त्याचं सगळं शास्त्र. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी ठरवलं की हे आपलं. ठरवलं म्हणून आपलं. तिता कुठल्या देशाचा, कुठल्या रक्ताचा? तरी त्या भिंतीवर माझा हक्क लागतो तो ह्या ठरवण्यामुळं. आणि ठरवलेल्या गोष्टीची जबाबदारी जन्मानं मिळालेल्यापेक्षा जास्त असते.

जबाबदारी म्हटली की चिकित्साही आली. वेस्संतर जातकाचंच घ्या. राजपुत्र दानशूर. हत्ती दिला, रथ दिला, राज्य गेलं, रानात गेला. तिथं जुजक नावाचा म्हातारा ब्राह्मण आला आणि ह्यानं स्वतःची दोन लेकरं त्याला देऊन टाकली! पोरं रडत पाठीमागं बघताहेत आणि बाप पारमिता पूर्ण करतोय. पुढं बायकोही दिली. शेवटी सगळं परत मिळतं, पण ते शेवटी. अजिंठ्याच्या चित्रकारानं जुजकाचं तोंड असं रंगवलंय, विरळ दात, बोकडदाढी, की त्याचा राग कुणावर होता ते कळतं. पण गोष्टीचा काय? बौद्ध आहे म्हणून डोळे मिटून घ्यायची? लेकरं ही बापाची मालमत्ता, आणि दान घ्यायला ब्राह्मण. हे मी तरी माझ्या पोराला आदर्श म्हणून सांगणार नाही. चित्र जपायचं, गोष्टीशी भांडायचं. दोन्ही एका वेळी करता येतं. ज्यांना येत नाही त्यांनी भक्त व्हावं, कार्यकर्ता होऊ नये.

अशीच दुसरी गोष्ट तेरची आहे.

मागच्या पावसाळ्यात आम्ही पाचजण मुखेडहून लातूर आणि लातूरहून तेरला गेलो. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या पुस्तकात त्याचं नाव आहे, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट, तिथून कापड भडोचला जायचं. गावात पाऊल टाकलं की गोरोबाकाकांचं नाव. कुंभार संत. विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवता तुडवता पोटचं पोर पायाखाली आलं, कळलंच नाही, अशी त्यांची कथा. समाधीवर गर्दी होती, टाळ वाजत होते. मी हात जोडले, खोटं कशाला बोलू, कुंभाराच्या माणसाला हात जोडायला मला जड जात नाही. पण ती कथा काही पचत नाही. वेस्संतरानं लेकरं दिली, गोरोबांच्या पायाखाली लेकरू गेलं. भक्तीचा आणि दानाचा हिशोब नेहमी लेकरांच्याच खात्यावर का पडतो? आणि आई? ती दोन्ही कथांत उशिरा येते.

गोरोबांच्या आधी हजार-अकराशे वर्षं त्याच गावात कुंभारच होते. त्यांनी पांढऱ्या मातीच्या, केओलिनच्या बाहुल्या केल्या. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा, दोन्ही दाबून जोडायचे, आत पोकळ. केसांच्या बटा, कानातली कुंडलं, ओठाचा कोपरा, सगळं बोटभर मातीत. रोमन नाण्यांच्या नकला मातीत पाडल्या, गळ्यात घालायला. एक हस्तिदंती बाई सापडली, तिची बहीण शोभावी अशी इटलीत पाँपेईच्या राखेत मिळाली. हे सगळं गोळा कुणी केलं? तिथल्याच रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या माणसानं, आयुष्यभर, पावसानंतर शेतात-पांढरीत वर आलेलं वेचून, लोकांकडून मागून. आज ते सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, त्यांच्या नावाचं. ह्या माणसाला माझा सलाम. त्यानं भाषण केलं नाही, वेचलं.

आणि त्या गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ! विटांचं, मागून अर्धगोल, पुढं मंडप. बांधणी चैत्यगृहाची आहे हे शंभर वर्षांमागंच पुरातत्त्ववाल्यांनी लिहून ठेवलं. उत्खननात तेरला विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. आज चैत्यात त्रिविक्रम उभा आहे. तीन पावलांत बळीचं राज्य घेणारा वामन, तोच हा. आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "काका, बळीच्या डोक्यावर पाय ठेवला तो ठेवला, वर बुद्धाच्या घरातही घुसला!" हसलो सगळे. पण पुजाऱ्याशी भांडलो नाही. विटा मोजल्या, बांधणी वहीत उतरवून घेतली. त्या वहीचं वजन घोषणेपेक्षा जास्त आहे असं मला वाटतं. कुणाला बुळगेपणा वाटला तर वाटो.

पांढरीचं एक सांगायचं राहिलं. शेत ती काळी, गाव ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडतात, माती साचते, गाव उंच होतं. त्या पांढरीत जुनं सगळं असतं. आपण पांढरीच्या बाहेर. गावकुसाबाहेरच्याला पांढरीत घर नव्हतं, पण पांढरीची माती खांद्यावरून वाहायला तोच. मराठवाड्यातल्या माळवदावर घालायला ही माती, भिंतीला ही माती, शेताला खत म्हणून ही माती. आता तर जेसीबी लागतो. रात्रीतून टेकाड गायब, सकाळी वीटभट्टीवर ढीग. त्यात काय गेलं, कोण बघतो? आमच्याच तालुक्यात असा ढीग उपसताना एका पोराला मातीचा चेहरा सापडला. अंगठ्याएवढा. त्यानं माझ्याकडं आणून दिला. मी शहाणपणा केला, एका कार्यालयात रीतसर नेऊन दिला. पावती मागितली तर म्हणाले, उद्या या. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला म्हणाले, कसला चेहरा? तिताला हत्तीच्या मांडीवर पावती लिहायची अक्कल होती, मला शिकल्यासवरल्याला नव्हती. आता मी पोरांना सांगतो, सापडलं की आधी फोटो, जागा, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. मग तहसीलला अर्ज, पोच घेऊन. विकायचं नाही, घरात शोकेसला ठेवायचं नाही.

तुम्ही म्हणाल, अत्याचार चाललेत, पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या अडल्यात, गायरानं काढून घ्यायलेत, आणि हा म्हातारा चित्रं-बाहुल्या घेऊन बसलाय. ह्याचं उत्तर मी देत नाही, १९३४ साल देतं. बाबासाहेब आणि तीसेक कार्यकर्ते वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना, प्रवासाची धूळ, दाराशी पाण्यानं भरलेलं टाकं. काहींनी हातपाय धुतले. एक म्हातारा ओरडत आला, धेडांनी पाणी बाटवलं. जमाव जमला, शिव्या झाल्या. शेवटी आत सोडलं ते बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. लेण्यांची वाट आणि पाण्याची वाट ही तेव्हाही एकच होती. ती वेगळी करणारे आपण. बाबासाहेबांनी पुढं औरंगाबादेत कॉलेज काढलं, त्याला कुण्या शेठजीचं नाव दिलं नाही. मिलिंद. भिक्षूला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव.

आणि आपला भाग काही कोरा नाही. सुत्तनिपातात बावरीची गोष्ट आहे. गोदावरीकाठी अस्सकांच्या मुलुखात राहणारा म्हातारा ब्राह्मण, त्यानं सोळा शिष्य पैठणच्या वाटेनं बुद्धाकडं प्रश्न घेऊन धाडले. अस्सकांची राजधानी पोतन म्हणजे आजचं बोधन असं बरेच अभ्यासक मानतात. बिलोलीच्या पुढं येसगीचा पूल, मांजरा ओलांडली की बोधन. दाभडला बावरीनगर आहे, जानेवारीत आपण सगळे जातो. जेवण करून येतो. सोळा जणांचे प्रश्न काय होते हे बसमध्ये विचारलं तर सगळे खिडकीबाहेर बघतात.

तर आमच्या वस्तीतलं सध्याचं भांडण असं आहे.

विहाराची मागची भिंत जुनी आहे, मातीची. कमिटी म्हणते पाडा, सिमेंट करा, टाइल्स लावा, वर थायलंडची सोनेरी मूर्ती. देणगीदार तयार आहे, त्याच्या नावाची संगमरवरी पाटी आधीच कोरून झालीय! मी म्हणतो भिंत राहू द्या. आपल्याच बायकांच्या हातानं लिंपून घेऊ. पांढरी, भुसा, चुना. त्यावर गावातलाच पाट्या रंगवणारा एक तरुण आहे, फ्लेक्स आल्यापासून त्याचं काम गेलं, त्याच्याकडून चित्रं काढून घेऊ. वेस्संतर नको. विधिक चांभार काढा, विष्णुदत्ता आणि कुंभार काढा, दौलताबादचं टाकं काढा, टेंभुर्णी काढा. आणि खाली कोपऱ्यात सगळ्यांची नावं. माती आणणारा, तुडवणारी, चुना देणारी, रंगवणारा. प्रत्येकापुढं मिळालेली मजुरी.

नावांना कमिटी तयार झाली. दोन बैठकी लागल्या, पण झाली. मजुरीवर अडलंय. अध्यक्ष म्हणतात, बायका धम्माचं काम श्रमदानानं करतील, पैसे कशाला? धम्मात मजुरी मागायची काय? पाटीवाल्याला द्यायला तयार आहेत, तो कलाकार. लिंपणाऱ्या बायकांना नाही. मी तिताचं सांगितलं. ते म्हणाले, तो परदेशी होता.

परवा बैठकीत मागं बसलेली एक म्हातारी उठली. आयुष्यभर गावातल्या भिंती ओढल्या तिनं. म्हणाली, "पाटलाच्या वाड्यात फुकट केलं तवा मुकाट्यानं केलं. इथं बी फुकटच करायचं व्हय? मग इथं आन् तिथं काय फरक म्हणायचा?" कुणी काही बोललं नाही. अध्यक्षांनी विषय पुढच्या रविवारी ठेवला.

मी वहीचं एक पान आखून ठेवलंय. नाव, काम, रोज, सही किंवा अंगठा. आतापर्यंत चार बायकांनी नावं लिहायला सांगितलीत. रोजाचा रकाना कोरा आहे. रविवारी संध्याकाळी सहाला विहारात बैठक आहे, ज्यांना यायचं त्यांनी यावं.